माटुंग्यांतील दोन वेळचें जेवण

मुलगा परगांवीं शिकावयास गेला म्हणजे घरांतील वडील मंडळी त्याच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि बायकामंडळी त्याच्या जेवणाची. ह्या दोन चौकश्यांपैकीं दुसरीच अधिक महत्त्वाची, हें कळावयास मला वयाचीं पांसष्ट वर्षें घालवावीं लागलीं. तें कसें कळलें, तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे. आणि ज्यांच्या घरचीं मुलें मुंबईस राहून शिकत आहेत, त्यांना त्यांतून कांहीं उपयोगाची माहिती मिळाली तर लेखनाचे श्रम सार्थकीं लागतील.

माझा नातू दोन वर्षांपासून माटुंग्याच्या एका महाविद्यालयांत शिकत आहे. वसतिगृहांत जागा न मिळाल्यामुळें इतर तीन मुलांसह तो एका खोलींत राहतो. खोलींत चूल पेटविण्याची मनाई आहे. तो निघाला तेव्हां मीं त्याला एकच शिस्त घालून दिली होती: दर महिन्याच्या पहिल्या तारखेस खर्चाचा हिशेब पाठवावयाचा. मुलगा आज्ञाधारक. मोबाइलवर त्याचा हिशेब न चुकतां येई, आणि त्यांतील भोजनखर्चाचा आंकडा महिन्यागणिक खालीं उतरत असे. घरून आम्ही जेवणासाठीं ४,५०० रुपये पाठवीत होतों. त्यांतले पहिल्यानें ४,००० खर्च झाले, पुढें ३,०००, आणि अखेर १,८५०. रात्रीं पंगत बसली असतां मीं तो आंकडा मोठ्यानें वाचून दाखवावा आणि इतर नातवंडांना "काटकसर म्हणतात ती ही!" असें सांगावें, असा आमच्या घरांत परिपाठच पडून गेला होता.

दिवाळींत तो घरीं आला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पूजेवरून उठलों, तों सूनबाईनें त्याचा कमरेचा पट्टा आणून मुकाट्यानें माझ्यापुढें ठेवला. पट्ट्यास खिळ्यानें पाडलेलीं तीन नवीं भोकें होतीं. ती एक शब्दही बोलली नाहीं. मुलास विचारलें, तर तो म्हणाला, "मुंबईच्या हवेंत भूकच लागत नाहीं, आजोबा." सुटी संपल्यावर, डोळे तपासून घ्यावयाचे आहेत अशी सबब सांगून मी त्याच्याबरोबर निघालों आणि दादरास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं आठ दिवस उतरलों.

माटुंगा आज मुंबईच्या अगदीं मध्यभागीं आल्यासारखा वाटतो. परंतु एके काळीं तें शहराबाहेरचें उपनगर होतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगानें हाहाकार उडविला. दाट वस्तींतील कोंदट घरें हेंच रोगाचें माहेरघर, असें ठरून १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि पुढें त्या ट्रस्टनें दादर-माटुंग्याच्या मोकळ्या भागांत रुंद रस्ते, झाडें आणि बागा ह्यांसह नवी वस्ती आंखली. ह्या वस्तींत गुजराती, कच्छी, पारशी, महाराष्ट्रीय आणि विशेषतः दक्षिणेकडील मंडळी येऊन राहिलीं. १९२३ सालीं व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था येथें आली, १९३७ सालीं पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीनें रुईया महाविद्यालय काढलें, आणि पाठोपाठ बिऱ्हाड नसलेल्या तरुणांची गर्दी झाली. ज्या ठिकाणीं कारकून आणि विद्यार्थी एकटे राहतात, त्या ठिकाणीं अन्नाची सोय आपोआप उभी राहते. माटुंग्यांतील उपाहारगृहांचें मूळ हें असें आहे.

पहिल्या दिवशीं आम्ही किंग्ज सर्कलच्या बाजूस गेलों. तेथील बागेस हल्लीं महेश्वरी उद्यान म्हणतात. त्या परिसरांत १९४० पासून चालत आलेलें कॅफे मद्राससारखें दाक्षिणात्य उपाहारगृह आहे. इडली मऊ, सांबार ऊन ऊन, कॉफी उत्तम. परंतु बाहेर तिष्ठत राहणाऱ्यांची रांग पाहिली आणि मनांत आलें, ही सहलीची जागा आहे, रोजच्या पोटाची नव्हे. इडली-डोशानें न्याहारी साजरी होते. एकोणीस वर्षांच्या मुलाचें दुपारचें आणि रात्रीचें जेवण त्यावर भागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांच्या परिसरांतील गाड्या पाहिल्या. तेथें मुख्य राज्य वडापावाचें. हा पदार्थ १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर जन्मास आला असें सांगतात. म्हणजे माटुंग्यास तो शेजारचाच म्हणावयाचा. मीही एक खाल्ला आणि तो मला आवडला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु भूक मारणें आणि भूक भागविणें ह्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. वडापाव पहिली क्रिया फार स्वस्तांत करतो, आणि त्यामुळेंच मुलें दुसरी क्रिया विसरून जातात.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' मध्यें गेलों. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाजवळच मंडईच्या इमारतींत वरच्या मजल्यावर हें भोजनगृह आहे. ए. रामा नायक ह्यांनीं तें १९४२ सालीं काढलें. उडुपीच्या श्रीकृष्णमठामुळें त्या भागांतील स्वयंपाक्यांची सात्त्विक पाककलेबद्दल ख्याति आहेच. तिची साक्ष येथें पटते. पैसे आधीं भरून कूपन घ्यावयाचें, केळीच्या पानावर जेवावयास बसावयाचें, आणि वाढपी वाढील तें स्वस्थपणें जेवावयाचें. भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक. डामडौल नाहीं. शेजारीं कोण बसला आहे ह्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. व्यापारी, विद्यार्थी, पेन्शनर सारे एका ओळींत. माझ्या लहानपणीं वडील मंडळी खाणावळींत पाऊल टाकण्यापूर्वीं आचाऱ्याची जात विचारीत. येथें मुदपाकखान्यांत डोकावून मीं भांडीं, पाणी आणि ओटे पाहिले, आणि विचारावयाचा खरा प्रश्न तो हाच होता, असें मनाशीं म्हणालों.

माझें लक्ष मात्र माझ्या पानाकडे नव्हतें. "भूकच लागत नाहीं" म्हणणारा माझा नातू चौथ्यांदा भात घेत होता. वाढप्यानें त्याला विचारलेंही नाहीं. मुलाच्या खाण्याचा वेग पाहूनच तो पुन्हा पुन्हा त्याच्या पानाशीं थांबत होता. जें त्या परक्या माणसास दोन मिनिटांत उमगलें, तें मला दोन वर्षांत उमगलें नव्हतें.

संध्याकाळीं पांच उद्यानांतील एका बांकावर आम्ही बसलों. मीं त्याच्याजवळ खर्चाची मूळ वही मागितली. तो थोडा घुटमळला, मग त्यानें ती दिली. दुपारच्या रकान्यांत रोज 'राइस प्लेट' होती. रात्रीच्या रकान्यांत 'चहा, पाव', 'चहा', किंवा नुसती आडवी रेघ. पान उलटलें तरी रेघाच. मीं विचारलें, "हें काय?" तो खालीं मान घालून म्हणाला, "आजोबा, आंकडा कमी आला म्हणजे तुम्हांला किती आनंद होतो, तें आई फोनवर सांगते. घरीं खर्च वाढला आहे हें मला ठाऊक आहे. उरलेले पैसे खात्यांत आहेत. यंदाची फी मी त्यांतून भरणार होतों."

उधळपट्टी केली असती तर रागावतां आलें असतें. येथें रागावयाचें कोणावर? मुलानें माझ्याच शब्दावर उपास काढले होते, आणि त्या उपासांचें मीं भर पंगतींत कौतुक केलें होतें.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. संस्कृत शिकविण्यांत हयात गेली तरी साधा त्रैराशिक मला येतो. मग मीं हिशेब मांडला नाहीं तो कां? २६ जानेवारी २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें गरिबांसाठीं शिवभोजन थाळी सुरू केली. तिच्यांत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, इतकें अन्न ठरविलें होतें. जेवणाऱ्यानें १० रुपये द्यावयाचे; परंतु शहरांत त्या थाळीची किंमत सरकारनें ५० रुपये धरली होती आणि उरलेले ४० स्वतः द्यावयाचें ठरविलें होतें. त्याआधीं १९९५ सालीं एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना निघाली होती. ती पुढें टिकली नाहीं. तात्पर्य, स्वस्त अन्नाची खरी किंमत कोणीतरी भरावीच लागते. २०२० सालच्या त्या माफक थाळीच्या भावानेंही दोन वेळांचे १००, आणि महिन्याचे ३,००० रुपये होतात. माझा नातू महिन्यास १,८५०, म्हणजे दिवसास बासष्टसुद्धां नाहीं, एवढ्यांत जेवत असल्याचें कळवीत होता, आणि मी टाळी वाजवीत होतों! उरलेली किंमत सरकार भरीत नव्हतें. ती त्याचें शरीर भरीत होतें.

चवथ्या दिवसापासून आम्ही रोजच्या जेवणाची जागा खऱ्या अर्थानें शोधूं लागलों. बोर्डिंगचें जेवण उत्तम, परंतु दोन्ही वेळां बाराही महिने तें घेणें आमच्या ऐपतीबाहेरचें होतें. तेव्हां घरगुती खाणावळ हाच मार्ग उरला. मुंबईंत ह्या खाणावळींची परंपरा मोठी आहे. गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेले कामगार महिन्याच्या बोलीनें एखाद्या बाईकडे जेवत; ती बाई पहांटे उठून पंधरा-वीस माणसांचें रांधीत असे. अशा बायकांना सावकाराच्या व्याजांतून सोडविण्यासाठीं प्रेमाताई पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें, आणि बँकेचें कर्ज त्यांच्या दारांत आणलें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, परंतु रांधणारे हात कोठें कोठें अजून आहेत.

अशा खाणावळींना पाटी नसते. त्या विचारून काढाव्या लागतात. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीनें युक्ति सांगितली: "सर, पिठाच्या गिरणींत विचारा." गिरणीवाल्यास विचारलें कीं, ह्या भागांत रोज दहा-बारा किलो गहूं कोण दळून नेतें? त्यानें लगेच एका जुन्या इमारतीचा जिना दाखविला. तेथें पन्नाशीच्या एक बाई, त्यांना सारे काकू म्हणतात, अठरा मेंबरांना जेवूं घालतात. आम्ही न कळवितां रात्रीं आठ वाजतां गेलों. काकूंचे यजमान आणि मुलगी मेंबरांबरोबरच जेवत होतीं, आणि त्यांच्या ताटांत तेंच होतें जें इतरांच्या: तीन पोळ्या, वालाची उसळ, वरण-भात, कोशिंबीर. भात मागावा तितका. दोन वेळांचे महिन्यास ४,२०० रुपये. रविवारीं रात्रीं चूल बंद. आधीं कळविल्यास खाडा वजा. मीं तेथेंच एका महिन्याचे पैसे दिले.

ज्यांना आपल्या मुलांसाठीं असा शोध करावयाचा असेल, त्यांनीं पुढील गोष्टी पाहाव्या. चालवणारीं माणसें स्वतः तेंच अन्न खातात कीं नाहीं. पिण्याचें पाणी कसें भरतात. तळणीचें तेल पुन्हा पुन्हा वापरतात काय. आठवड्यांत भाज्या बदलतात काय. खाडा धरतात काय. आणि मूल आजारी पडल्यास मऊ भात मिळेल काय. ह्या शेवटच्या प्रश्नास काकू म्हणाल्या, "अहो, तें काय विचारायचं?" ह्या उत्तरानें माझी अर्धी काळजी गेली. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, महिन्याची रक्कम ठरवितांना आधीं दोन भरल्या ताटांची किंमत काढावी आणि मग घरच्या इतर खर्चास कात्री लावावी. आपण नेमकें ह्याच्या उलट करतों. तैत्तिरीय उपनिषदांत अन्नाची निंदा करूं नये असें व्रत सांगितलें आहे. तें मीं शेंकडों विद्यार्थ्यांस शिकविलें; पण ताटांतलें अन्न कमी झालें म्हणून आनंद मानणें ही अन्नाची निंदाच होय, हें मला कधीं सुचलें नाहीं.

घरीं परतल्यावर रात्रीच्या पंगतींत, जेथें मीं ते आंकडे वाचीत असें त्याच जागीं, सर्व हकीकत सांगितली. सूनबाई वाढतां वाढतां थांबली आणि डोळे पुसून आंत गेली. घरांतून एवढेंच उद्गार आले, "बरं झालं, डोळे तपासून आलात."

नातवास मीं कळविलें आहे कीं, ह्यापुढें हिशेबांत रुपये लिहूं नयेत. दुपार आणि रात्र असे दोन रकाने करून 'जेवलों' एवढेंच लिहावें. पहिल्या महिन्याचा कागद आला. रकाने भरलेले होते. मात्र रविवारच्या चारही रात्रीं 'जेवलों' च्या जागीं 'जेवलों, दोघे' असें होतें. चौकशी करतां कळलें कीं, त्याच्या खोलींतील एका मुलाच्या वडिलांची नोकरी गेली आहे. मीं अधिक कांहीं विचारलें नाहीं. पुढच्या महिन्यापासून पाठवावयाच्या रकमेंत ५०० रुपये वाढविले, आणि तो आंकडा मात्र पंगतींत वाचून दाखविला नाहीं.