टाळ्या आणि रॅम्प

जून २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' आला आणि आमच्या हडपसरच्या ऑफिसात सगळ्यांना एकदम मुरलीकांत पेटकर माहीत झाले. सांगली जिल्ह्यातला हा बॉक्सर जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. त्याच माणसाने १९७२ ला हायडेलबर्गला पोहून भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. सोमवारी कॅन्टीनमध्ये हाच विषय. "काय माणूस आहे यार!"

आहेच. पण एक गोष्ट खटकते. व्हीलचेअर पडद्यावर असली की आपण टाळ्या वाजवतो आणि बाहेर येऊन रॅम्पच्या तोंडाशी बाईक लावतो! मुद्दाम नाही हो, "पाचच मिनिटं". फूटभर उंची चढायला रॅम्पला बारा फूट लांबी लागते. तो अडवायला एक पल्सर पुरते.

कोडचंही तेच. आयकॉनवाल्या बटणाला लेबल दिलं नाही, की अंध माणसाचा स्क्रीन रीडर नुसतंच "बटण, बटण" म्हणत बसतो. काम मिनिटभराचं, पण "पुढच्या रिलीजला बघू"!

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. आपल्या डोक्यात मात्र अजून दोनच : बिच्चारा नाहीतर हीरो. आपल्यासारखाच वैतागणारा, डेडलाईन चुकवणारा, चहाचे पैसे बुडवणारा सहकारी त्यात कुठेच बसत नाही.

असो. कौतुक नंतर करू. आधी बाईक जरा पुढे घ्या.