आतून न उघडणारं दार

मोटारीचं मागचं दार पूर्ण उघडलं, की त्याच्या जाड कडेवर, कुलपाच्या जवळच, एक इवलीशी खिट्टी दिसते. शेजारी लहान मुलाचं चित्र आणि एक बाण. काही गाड्यांत खिट्टीऐवजी खाच असते, ती किल्लीच्या टोकानं फिरवावी लागते. दार लावलेलं असताना ही जागा कोणालाच दिसत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही तिचा पत्ता नसतो. गाडी पुसणाऱ्याचं फडकं मात्र तिच्यावरून फिरतं, आणि एखाद्या वेळी त्या फडक्यानंच ती सरकते.

ही खिट्टी म्हणजे चाइल्ड लॉक. तिचं काम एवढंच, की आतलं हँडल आणि कुलूप यांचा संबंध तोडायचा. मग आतून कितीही ओढा, हँडल नुसतं हलत राहतं. बाहेरून मात्र दार नेहमीसारखं उघडतं. सेंट्रल लॉक ही वेगळीच गोष्ट. ते सगळ्या दारांना एकदम कुलूप घालतं, पण कित्येक गाड्यांत आतलं हँडल एकदा-दोनदा ओढलं की ते सुटतं. मोठ्यांच्या सोयीसाठी ते तसंच असायला हवं. मुलासाठी ते पुरेसं नाही. जे ओढता येईल ते ओढून बघायचं आणि जे दाबता येईल ते दाबून बघायचं, हा तीन वर्षांच्या वयाचा धर्मच असतो. त्याला रागावून उपयोग नाही, हँडलच मुकं करावं लागतं.

जुन्या माणसांना डुक्कर फियाट आठवत असेल. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या, दार उलटं उघडायचं. चालत्या गाडीत असं दार सुटलं, तर वारा ते ओढून सताड करणार. आजच्या दारांच्या बिजागऱ्या पुढे असतात, त्यामुळे वेगात वारा दार आत दाबतो. पण गाडी काही सदा वेगात नसते. घाटातल्या वळणावर ती हळू असते, सिग्नलला उभी असते, शाळेच्या फाटकापाशी इंच इंच सरकत असते. आणि आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून जाते, म्हणजे मागचं उजवं दार उघडतं ते थेट वाहत्या रहदारीत. पुण्यातल्या एखाद्या पेठेत संध्याकाळी सहाला ते दार अचानक उघडलं, तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. मूल कदाचित आतच सुखरूप राहील, स्कूटरवाला मात्र रस्त्यावर पडतो. उजव्या दाराचं लॉक असं दोघांना जपतं.

हे लॉक लावलं म्हणजे पट्टा नको, असं मात्र नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या वयाची आसनव्यवस्था नसेल, तर 2019 च्या कायदादुरुस्तीनं एक हजार रुपये दंड ठेवला आहे. दार बंद राहिलं तरी गाडी धडकते तेव्हा मूल आतल्या आत फेकलं जातंच.

पण मला हे कुलूप विचारात पाडतं ते त्याच्या दुसऱ्या बाजूमुळे. घरात रांगतं मूल असलं, की आपण दाराची वरची कडी लावतो. ते निर्धास्तपणे करता येतं, कारण तिथपर्यंत हात पोचणारं कोणीतरी घरात असतंच. मोटारीच्या मागच्या सीटवर तसं कोणी नसतं. तिथे नातवाशेजारी आजी बसलेली असली, तरी तीही तितकीच अडकलेली. लग्नाच्या हॉलपाशी गाडी थांबते, बाकीचे उतरून पुढे जातात आणि आजी हँडल ओढत राहते. आपलीच बोटं आता चालत नाहीत, असं तिला वाटतं. तेवढ्यात सून धावत येते, “थांबा आई, ते आतून उघडत नाही, मी बाहेरून उघडते.” निघतानाच हे एक वाक्य सांगितलं असतं, तर त्या म्हातारीला स्वतःच्या हातांची शंका आली नसती.

भाड्याच्या टॅक्सीत तर याच लॉकला नियमानं मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. रात्री एकटी बाई अनोळखी ड्रायव्हरच्या मागे बसते, तेव्हा तीच खिट्टी तिला कोंडून ठेवते. यंत्र तेच आणि जागाही तीच, पण बाहेरून दार उघडणारा आपला आहे की परका, यावर सगळं अवलंबून.

आत अडकण्याचा धोका विदर्भातल्या मे महिन्यात आणखी कळतो. उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी तापते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. अशा वेळी मागच्या सीटवरचं मूल लॉक न लावलेलं दार तरी धडपडून उघडेल. लॉक लावलेलं असेल, तर त्याला वाट एकच, पुढच्या सीटवर येऊन पुढचं दार उघडायचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे खेळातल्यासारखं शिकवता येतं. हॉर्न दाबत राहायचं, हेही शिकवावं. मोठ्यांनी लक्षात ठेवावं, की काच उतरत असेल आणि सेंट्रल लॉक लागलेलं नसेल, तर मागची काच खाली करून, हात बाहेर काढून बाहेरचं हँडल ओढलं की दार उघडतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. मूल लहान असेल तर हे लॉक लावाच, निदान उजव्या दाराचं तरी. पण ते लावणाऱ्यानं दोन कामं आपल्या अंगावर घ्यावीत. मागे बसणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगायचं, आणि गाडी थांबली की सगळ्यांत आधी स्वतः उतरून ते दार उघडायचं. आतून न उघडणारं दार लावायचा हक्क फक्त तिथेच थांबणाऱ्या माणसाला आहे. मुलाला गाडीत ठेवून “पाच मिनिटांत येतो” म्हणणाऱ्याला तो नाही. आज गाडी काढाल तेव्हा मागची दोन्ही दारं उघडून ती खिट्टी कुठल्या बाजूला आहे, तेवढं बघून घ्या.