सबर आणि पावती

मामूंच्या इंतकालचा फोन फजरच्या नमाजनंतर लगेच आला. जनाजा जोहरनंतर, दोन वाजता, चिपळूणला. अम्मी पुण्यात माझ्याकडे होती. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून मोबाइलवरून काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. दोन दिवसांचे भाडे पाच हजार चारशे, वर दहा हजार अनामत. साडेआठला निघालो. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. एकपर्यंत पोहोचू असा हिशेब होता.

पाटण सोडल्यावर तापमानाचा काटा वर चढू लागला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली, तोवर बॉनेटमधून वाफ येत होती. कंपनीच्या हेल्पलाइनवर पहिल्यांदा सांगितले, 'पंधरा मिनिटांत माणूस येईल.' दुसऱ्यांदा, 'अर्ध्या तासात.' तिसऱ्यांदा, 'तुमच्या भागात आमची सेवा नाही.' तोपर्यंत साडेबारा झाले होते.

तिकडून मामेभावाचा फोन आला. "फुफू, थांबवू का?" अम्मी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "नको बेटा. मय्यत ताटकळत ठेवू नये." तिने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे केले.

जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी पाहिली. रेडिएटरचा होज फाटला होता, आणि फाटलेल्या जागी आधीच एम-सील थापून वर टेप गुंडाळलेली होती. तो म्हणाला, "हे आजचं नाही साहेब. कुणीतरी जुगाड करून गाडी पुढं ढकललीय." मी फोटो काढले आणि त्याच्याकडून तारीख-वेळ घालून पावतीवर तसे लिहून घेतले. त्या घडीला का सुचले ते मलाही सांगता येणार नाही. मग एसटी पकडली. चिपळूणला उतरलो तेव्हा लोक कबरस्तानातून परतत होते. अम्मीला भावाचे तोंड दिसले नाही.

आठवड्याने कंपनीचा मेल आला. गरम इंजिनावर गाडी चालवल्याने हेड गॅस्केट गेले, ग्राहकाचा निष्काळजीपणा, टोइंग धरून अठरा हजार पाचशे खर्च. अनामत जप्त, वरचे साडेआठ हजार भरा.

घरात दोन मते पडली. सासरे म्हणाले, "सबर करो. आपण कुठे कोर्टकचेरीत पडायचे? आपले नाव वाचूनच समोरचा मन बनवतो." त्यांच्या आयुष्यातला अनुभव त्यांच्यापाशी होता, मी वाद घातला नाही. पण सबर म्हणजे काय, हा प्रश्न मला सोडेना. मामू गेले, त्यावर सबर. वेळेवर पोहोचलो नाही, त्यावरही सबर. पण खोटे बिल निमूट भरणे हा सबर नव्हे, ती दुसऱ्याच्या खोटेपणाला केलेली मदत आहे.

मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी इजाऱ्याचा मसला सांगितला. भाड्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात अमानत असते. त्याने हयगय केली तर नुकसान त्याचे. हयगय नसताना बिघडली तर मालकाचे. आणि भाडे हे वापराचे असते, वापरच मिळाला नाही तर भाडे कसले? मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात अख्खी सूरह आहे, हेही त्यांनी आठवण करून दिले.

मजा अशी की देशाचा कायदाही फार दूर नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी नुकसानभरपाईला पात्र आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही.

आधी 1915 वर तक्रार नोंदवली. कंपनीने 'सदिच्छा म्हणून' साडेआठ हजारांची मागणी सोडली, अनामत मात्र ठेवून घेतली. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर नाही. शेवटी ई-दाखिलवरून पुणे जिल्हा आयोगात तक्रार केली. सोबत फोटो, पावती, कॉलची नोंद आणि गॅरेजवाल्याचे प्रतिज्ञापत्र. ते करायला तो एक दिवस दुकान बंद ठेवून आला. शिवाय एक मागणी केली: गाडीत तुमचाच जीपीएस आहे, त्याची नोंद हजर करा. काटा चढल्यावर मी किती चाललो ते त्यात दिसेल.

ती नोंद कधीच आली नाही. उलट त्यांचे वकील म्हणाले, "मानसिक त्रास कसला? अंत्यविधी थोडा थांबवता आला असता." मी उभा राहून सांगितले की आमच्यात दफन लवकर करतात, आणि थांबवायला नको असे माझ्या आईनेच सांगितले होते. आवाज थोडा कापला. अध्यक्षांनी लिहून घेतले आणि वकिलांना पुढचा मुद्दा घ्यायला सांगितले. माझे नाव वाचून कुणी मन बनवलेले दिसले नाही. प्रत्येक वेळी असेच होईल असे मी म्हणत नाही. त्या दिवशी तसे झाले, एवढेच.

पुढच्या तारखेआधी कंपनी तडजोडीला आली. अनामत, पूर्ण भाडे, एसटीचे तिकीट, आणि त्रासापोटी दहा हजार. मी सही केली.

घरी अम्मीला आकडा सांगितला. तिने विचारले, "यातले तोंड न दिसल्याचे किती?" मी म्हटले, "त्याचे कलम नाही, अम्मी." ती म्हणाली, "मग ते दहा हजार घरात नको." ते मामूंच्या नावाने चिपळूणच्या एका यतीम मुलीच्या फीला गेले. बाकीचे मी ठेवले. ते माझ्या हक्काचे होते.

आता कुणी गाडी भाड्याने घेताना विचारले तर मी एवढेच सांगतो. निघण्याआधी बॉनेट उघडून व्हिडिओ काढा. रस्त्यात काही झाले तर गाडी लगेच बंद करा, आणि जो मेकॅनिक भेटेल त्याच्याकडून लिहून घ्या. सबर मनाशी असू द्या, पावती खिशात.