ऐकून घेणारा कान

यहूदानंही आपलं पाप कबूल केलं होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. येशूला धरून देण्यासाठी त्यानं चांदीची तीस नाणी घेतली. येशूला मृत्युदंड होणार हे कळल्यावर तीच नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे परत गेला. मत्तयानं हा प्रसंग सत्ताविसाव्या अध्यायात चार ओळींत सांगून टाकला आहे. यहूदानं गुन्हा स्पष्ट शब्दांत सांगितला, ज्याला धरून दिलं तो निर्दोष होता हेही सांगितलं आणि पैसे पुढे केले. पश्चात्ताप, कबुली, परतफेड, काहीच बाकी राहिलं नाही. याजकांनी मात्र हा आपला विषय नव्हे म्हणून हात झटकले. नाणी मंदिरात भिरकावून तो बाहेर पडला आणि त्यानं गळफास घेतला.

पवित्र सप्ताहात हा उतारा वाचला जातो, तेव्हा मला यहूदापेक्षा त्या याजकांचा राग येतो. लोकांच्या पापांसाठी देवापुढे उभं राहणं हे त्यांचं कामच होतं. समोर एक माणूस आतून कोसळत होता आणि त्यांना काळजी होती ती या नाण्यांचं आता करायचं काय याची. हे रक्ताचं मोल आहे, ते मंदिराच्या खजिन्यात टाकता येणार नाही, याची चर्चा त्यांनी केली आणि शेवटी त्यातून परक्यांच्या दफनासाठी जमीन घेतली. इतका विचार त्यांनी त्या माणसाचा केला असता तर!

येशूला धरलं त्याच रात्री त्याचा शिष्य पेत्रही घसरला. महायाजकाच्या अंगणात विस्तवाशी शेकत असताना, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही, असं तो तीनदा म्हणाला. कोंबडा आरवला तेव्हा तो रडला, पण कबुली अशी त्यानं कुणाकडे दिल्याचं लिहिलेलं नाही. ती त्याच्याकडून पुढे घेतली गेली, गालील सरोवराच्या काठी. पुनरुत्थित येशूनं कोळशाचा विस्तव केला होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. जेवण झाल्यावर येशूनं त्या रात्रीचा विषयही काढला नाही. माझ्यावर तुझं प्रेम आहे का, एवढंच त्यानं तीनदा विचारलं. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा हो म्हणायला मिळालं, आणि वर कळप सांभाळायचं काम मिळालं. पेत्र यहूदाहून भला होता म्हणून तो वाचला, असं मला वाटत नाही. त्याला ऐकून घेणारा भेटला. यहूदा आदल्या संध्याकाळी ज्याच्या शेजारी जेवला होता त्याच्याकडे न जाता भलत्याच दारी गेला.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतही मला हेच दिसतं. परदेशात डुकरं राखत असताना तो पोरगा बापापुढे काय बोलायचं ते मनाशी जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा. घर जवळ आल्यावर बाप धावत येऊन त्याला मिठी मारतो. पोरगा बोलायला लागतो, पण गडी म्हणून ठेवायची विनवणी त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. त्याआधी बापानं चाकरांना उत्तम झगा आणि पायताण आणायला सांगितलेलं असतं. बाप पापाची कबुली पूर्ण ऐकतो. मुलगा स्वतःला हलकं ठरवू लागतो तिथे मात्र तो ऐकत नाही.

चर्चला हा कान घडवायला शतकं लागली. सुरुवातीच्या काळात खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांचं प्रायश्चित्त साऱ्या मंडळीसमोर आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. वारंवार, खासगीत, एकाच धर्मगुरूपाशी बोलण्याची रीत आयर्लंडच्या मठवासीयांनी युरोपभर नेली. 1215 च्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं, असा नियम घातला. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी धर्मगुरू आणि पश्चात्तापी यांच्यामध्ये जाळी घालायला लावली. जे ऐकलं ते धर्मगुरूनं कुणालाही, कुठल्याही कारणासाठी सांगायचं नाही. सांगितलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. वसईच्या धर्मग्रामांत उपवासकाळाच्या अखेरीस जी रांग लागते तिच्यात शेतकरी, नोकरदार, आजी, नात सगळे एकापाठोपाठ उभे असतात, आणि त्या रांगेतल्या कुणाचं काय हे बाहेर कुणालाच कळत नाही. मला ही फार मोठी सभ्यता वाटते.

पण याच चर्चनं शेजारच्या गोव्यात दुसराही कान लावला होता. 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं वगळता 1812 पर्यंत टिकलं. तिथेही कबुलीच मागत, पण ती भीतीनं आणि छळानं काढलेली, शिक्षा देण्यासाठी ऐकलेली. त्या कबुलीचं पापनिवेदनाशी काहीही नातं नाही आणि ख्रिस्ती माणसानं हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये सेंट पीटर्समध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. ऐकणाऱ्यालाही गुडघे टेकावे लागतात, हे त्या दिवशी जगानं पाहिलं.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडे नेणारी वाट क्षमेवरूनच गेली. इंग्लंडमध्ये असताना फुलहॅमला त्यांनी सिस्टरांचं काम पाहिलं. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं वागवत होते. असं का, हे त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरनं त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं. 1905 मध्ये त्याच मुक्तीत आध्यात्मिक जागृती झाली तेव्हा मुली रडत रडत आपली पापं उघड बोलू लागल्या. तिथे जाळी नव्हती. पण त्याआधी तिथे निवारा होता, जेवण होतं, आणि आपल्याला कुणी हाकलणार नाही ही खात्री होती. त्या खात्रीशिवाय त्यांना इतकं मोकळं बोलता आलं असतं, असं मला वाटत नाही.

क्षमेची किंमत मात्र कुणीतरी मोजतंच. मध्य प्रदेशात उदयनगरच्या भागात सिस्टर राणी मारिया गरीब शेतमजुरांना सावकारीच्या विळख्यातून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी समंदर सिंग यानं त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तो 2006 मध्ये सुटला आणि नंतर केरळात त्यांच्या आईवडिलांना भेटायला गेला. शिक्षा त्यानं भोगली, क्षमेनं ती पुसली नाही. पण ज्या घराचं त्यानं वाटोळं केलं त्या घरानं त्याला दार उघडलं. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं. धन्य घोषित होण्याआधीच त्यांच्या घरानं सुवार्ता जगून दाखवली होती, असं मी म्हणेन.

पुष्कळ वर्षं पापनिवेदनाला न गेलेल्यांना एवढंच सांगायचं आहे. काय म्हणायचं ते विसरला असाल तर फादरना तसंच सांगा, ते शब्द पुरवतात. कुणाचे पैसे बुडवले असतील तर आधी ते परत करा. आणि तुमच्याकडे कुणी मान खाली घालून आलं, तर त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या.