कार्य बरोबर शून्य

आमच्या पिढीला शाळेत एक प्रश्न हमखास यायचा. हमाल डोक्यावर ओझं घेऊन सपाट फलाटावरून चालत गेला, तर त्याने किती कार्य केलं? उत्तर : शून्य. बल उभ्या दिशेत, विस्थापन आडव्या दिशेत, दोहोंत नव्वद अंशांचा कोन. सबब कार्य नाही. आम्ही निमूटपणे हे लिहायचो आणि गुण घ्यायचो. घरच्या बायका त्याच वेळी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन नदीवरून येत असायच्या आणि भौतिकशास्त्राच्या मते काहीच करत नसायच्या.

विहिरीवर मात्र कार्य व्हायचं. रहाट म्हणजे स्थिर कप्पी. ती बळ वाचवत नाही, नुसती दिशा बदलते. वर खेचण्याऐवजी खाली ओढायचं, म्हणजे अंगाचं वजन दोरावर टाकता येतं, एवढीच सवलत. दहा लिटरची बादली तीस-बत्तीस फुटांवरून वर आली, की साधारण हजार ज्यूल खर्ची पडले. घर्षणाचे वेगळे, त्यांची तक्रार रहाट स्वतःच कुरकुरत करायचा. कधी दोर सुटायचा, बादली बुडायची आणि मग खरी मजा. गळ अख्ख्या आळीत एकाच घरी असायचा. तो मागून आणायचा, चौघांनी कठड्यावरून वाकायचं, ‘डावीकडे घे, लागलं बघ’ म्हणत पाणी ढवळायचं. आपली बादली सापडेपर्यंत शेजाऱ्यांची मागच्या उन्हाळ्यातली कळशी वर यायची, आणि ती कोणी बुडवली होती यावर नव्याने भांडण जुंपायचं.

आता बटण दाबायचं. एक युनिट विजेत ३६ लाख ज्यूल असतात. पंपाने त्यातले निम्मे वाया घालवले, तरी अठराशे बादल्या वर येतात. दिवसाला पन्नास बादल्या लागणाऱ्या घराचं महिनाभराहून जास्त पाणी, तेही एक-दोन चहाच्या पैशांत. हा हिशेब मांडला, की रहाटाबद्दलचा हळवेपणा बराच ओसरतो. ज्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते, त्यांना तर तो कधी नव्हताच.

शेतावर मोट होती. तिची धाव उतरती बांधलेली असे, म्हणजे बैल पाणी ओढताना उतारावरून जायचे आणि त्यांचं वजनच कामाला यायचं. ही हुशारी कोणत्या अभियंत्याची, कोणी विचारलं नाही. भरली मोट काढताना उतार, रिकामी सोडताना चढ. बैलांच्या पायाखाली उतरणीचा अख्खा धडा होता. पहाटेच्या अंधारात मोट सुरू व्हायची आणि मोटकऱ्याचं गाणं ऐकत आम्ही पांघरुणात कूस बदलायचो.

मग बैल गेले आणि घोडे आले. शेतकरी आता ‘पाच एचपीची मोटर’ म्हणतो. एकेक घोडा ७४६ वॉटचा, वैरण न खाणारा. वैरण खात नाही, पण वेळ तोच ठरवतो. शेतीची वीज रात्रपाळीला आली, की माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावरून चालत मोटर चालू करायला जातो. मोटेला निदान बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची सोबत होती. साप-विंचू तेव्हाही होतेच.

जात्याबद्दल आम्ही सर्वांत जास्त गहिवरतो, आणि तिथेच आमचा सर्वांत जास्त संशय घ्यावा. खुंटा जात्याच्या कडेलाच का, मधल्या आसापासून लांब का, हे आम्हाला पुस्तकाने शिकवलं. दळणाऱ्या बाईला ते मनगटाने शिकवलं होतं. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडायचं. मग गल्लीतून ‘टाकीऽ लावायची काऽ टाकी’ अशी हाक यायची. छिन्नी-हातोडी घेतलेली बाई अंगणात फतकल मारून बसायची आणि ठक्‌ठक्‌ करत दगडाला पुन्हा खडबडीतपणा द्यायची. घर्षण पैसे मोजून विकत घेतलं जाई, असा तो एकमेव प्रसंग. त्यानंतर दोन दिवस भाकरीत कच लागायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आम्हाला गोड वाटतात, कारण आम्ही पिठाच्या बाजूला होतो, खुंट्याच्या नाही.

आज पाचशे वॉटचा मिक्सर ओट्यावर असतो. धडधाकट माणूस तासन्‌तास काम करून ७५ वॉटच्या आसपास टिकतो; म्हणजे सहा-सात माणसं चटणी वाटायला राबवल्यासारखं, आणि आवाजही तेवढ्यांचा. आमच्या मावसभावाने गावचं जातं फ्लॅटच्या दिवाणखान्यात मांडलंय, वर मनी प्लांट. आत्याला कौतुकाने दाखवलं, तर ती म्हणाली, “छान. कोणी दळायला सांगू नका म्हणजे झालं.”

आजोबांचा अडकित्ताही गेला. दुसऱ्या प्रकारची तरफ : टेकू टोकाला, सुपारी मध्ये, हात शेवटी. दांडे चार बोटं जवळ आले, तेव्हा पातं जेमतेम सुपारीत शिरायचं. यंत्राने निसर्गाला फसवता येत नाही, हे गॅलिलिओचं म्हणणं ओटीवर रोज जेवणानंतर सिद्ध व्हायचं. दात मात्र साठीआधीच जायचे.

इथे जिमच्या कप्प्यांवर विनोद करायचा मोह होतो, पण तो व्हॉट्सॲपवर फिरून फिरून गुळगुळीत झालाय, आणि त्याला टाकी लावायला कोणी येत नाही. त्यापेक्षा आमच्या सोसायटीत परवा बोअरची मोटर जळली ते सांगतो. ती काढायला तिघे आले. त्यांनी बोअरवर लोखंडी तिवई उभी केली, कप्पी टांगली आणि पाइपाचा एकेक तुकडा वर ओढायला लागले. आम्ही सगळे ज्येष्ठ नागरिक गोलाकार उभे राहिलो. ‘डावीकडे घ्या’, ‘आता सोडू नका’, ‘लागलं बघा’. दोराला कोणाचाच हात नव्हता, पण अर्ध्या तासात सगळे घामाघूम. शेवटी त्यांच्यातल्या एकाने शांतपणे सांगितलं, “काका, जरा मागे व्हा. पाय अडकेल.”