करारात नसलेलं घर

पुण्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उरुग्वेच्या मोंतेविदेओत सकाळचे साडेअकरा झालेले असतात आणि जपानात रात्रीचे साडेअकरा. एकीकडची मुलं शाळेत, दुसरीकडची गाढ झोपेत. बालेवाडीच्या स्टेडियमवर आठच्या सामन्याला खेळाडू रांगेने मैदानात उतरायचे तेव्हा माझ्या डोक्यात ही घड्याळं सुरू असायची. एमिलियानो अल्फारो उरुग्वेचा, मार्सेलिन्यो ब्राझीलचा. इंडियन सुपर लीगच्या २०१७-१८ च्या मोसमात या दोघांच्या गोलांच्या जोरावर एफसी पुणे सिटी पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचली. ऑरेंज आर्मी म्हणवून घेणारी आमची पोरं घसा बसेस्तोवर ओरडायची. हे मैदान १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. मध्ये धावपट्टी असल्यामुळे खेळाडू प्रेक्षकांपासून जरा लांबच राहतो, त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते वरून कळत नाही.

एकदा सामना संपल्यावर मात्र जवळून कळलं. दिवे अजून जळत होते, स्टँड निम्मे रिकामे झाले होते. एक परदेशी खेळाडू बूट काढून, नुसत्या मोज्यांवर धावपट्टी ओलांडून आमच्या बाजूच्या जाळीपाशी आला. फोन त्याने हातात उंच धरला होता. आधी गवत दाखवलं, मग गोलपोस्ट, मग वरचे दिवे, मग आम्ही. फोनमधून लहान मुलाची अखंड बडबड ऐकू येत होती, भाषा काही कळत नव्हती. माझ्या शेजारच्या मुलीने हात हलवला, तसा त्याने फोन तिच्याकडे वळवला आणि पलीकडची बडबड एकदम थांबली. लाजलं असणार पोर. सामना आम्ही हरलो होतो. तो माणूस मात्र जाळीला टेकून कितीतरी वेळ बोलत उभा राहिला. आत त्याचे सोबती बसमध्ये सामान टाकत होते.

बदल्यांच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण परगावी खेळायला आलेल्या माणसाकडे बघताना माझं लक्ष त्याच्या मागच्या घराकडे जातं. वडील बँकेत होते. बढतीचं पत्र त्यांच्या नावाने यायचं आणि ट्रकमध्ये सामान चढायचं ते सगळ्यांचं. नव्या गावात पोचल्यावर आई आधी मिसळणाचा डबा शोधायची. तो सापडला, फोडणीचा वास घरात फिरला, की मग ती बाकीच्या खोक्यांकडे वळायची. वडिलांना पहिल्या दिवशीच टेबल, खुर्ची, शिपाई, चहाची वेळ, थट्टा करणारे सहकारी, सगळं आयतं मिळायचं. आईला शेजारही स्वतः उभा करावा लागे. दूध कुणाचं चांगलं, डॉक्टर कोणता, पाणी किती वाजता येतं, हे ती दारोदार विचारत फिरायची. आम्ही दर वेळी नव्या वर्गात मागच्या बाकावर. वडील त्या काळात फार सुखात होते असं मला वाटायचं. आता कळतं, की संध्याकाळी घरात शिरताना ते आधी आईचा चेहरा बघत.

फुटबॉलपटूचं अगदी असंच असतं. देश बदलला तरी त्याच्यासाठी वीस-पंचवीस जणांचा संघ तयार असतो. चेंडू तोच, मैदान तेवढंच, भाषा येत नसली तरी पास कुठे द्यायचा ते कळतं. त्याच्या बायकोसाठी आणि मुलांसाठी विमानतळाबाहेर कुणीच उभं नसतं. त्यांच्या वाट्याला येतो एक रिकामा फ्लॅट आणि सरावाला गेलेल्या माणसाची वाट बघणं.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा हा प्रश्न फारसा उठलाच नाही, कारण लीग ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपली. तेवढ्या दिवसांसाठी कोण बिऱ्हाड हलवणार? विश्वविजेत्या फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे त्या पहिल्या वर्षी पुण्याकडून खेळला, पुढच्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू. मोठी नावं, हॉटेलातला मुक्काम आणि परतीचं तिकीट. पाहुणा जेवून गेल्यासारखं ते सगळं होतं. पुढे मोसम लांबला, चार-पाच महिन्यांचा झाला, आणि मग माणसाला ठरवणं भाग पडलं: घर सोबत आणायचं की फोनवर भेटायचं?

त्याआधीच पुण्यात एक माणूस आला होता आणि राहिला होता. त्याची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते. अराता इझुमी. जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. भारतीय नाव नीळकंठ खंबोळजा. सिंगापूरला खेळून तो २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये, आणि २००९ मध्ये पुणे एफसी या शहराच्या आधीच्या क्लबात. ज्या काळात जपानी खेळाडू युरोपकडे डोळे लावून बसलेले होते, त्या काळात हा माणूस आय-लीग या तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगच्या उन्हात बालेवाडीला मिडफिल्ड सांभाळत होता. त्याला बघणं म्हणजे काय होतं ते सांगते. घाई नाही. चेंडू पायाशी आला की मान वर, एकदा डावीकडे नजर, आणि मग पास. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरी आली, त्या संघाचा तो कणा होता.

त्याच सुमाराला त्याने भारताचं नागरिकत्व घेतलं. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. जपानचा कायदाही तसाच कडक, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की जपानचं जातं. २०१३ मध्ये तो भारताच्या जर्सीत उतरला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारा तो पहिला फुटबॉलपटू.

तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या देशप्रेमाचं कौतुक केलं. ते रास्तच होतं. मी मात्र हिशेब घालत बसले होते. माणूस तिशीचा. फुटबॉल जास्तीत जास्त चार-पाच वर्षं उरलेलं. पासपोर्ट मात्र जन्मभराचा. ज्या गावात आईने लहानाचं मोठं केलं, तिथे जायला यापुढे व्हिसा काढायचा. विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभं राहायचं. म्हातारपणी आईबापांपैकी कुणी आजारी पडलं तर निघण्याआधी कागद. हा निर्णय कुणी एकटा घेत नाही. जेवणाच्या टेबलाशी तो महिनोन्महिने चघळला जातो, कुणीतरी गप्प बसून राहतं, कुणीतरी शेवटी हो म्हणतं. इझुमीच्या घरी काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि ते त्यांच्याकडेच राहावं. पण भारताच्या राष्ट्रगीताला तो उभा राहिला तेव्हा त्या जर्सीत एका जपानी आईचाही वाटा होता, हे आपण कधी मोठ्याने बोललो नाही.

भारताकडून त्याला मोजकेच सामने मिळाले. पुढे कोलकाता, पुन्हा पुण्यात एफसी पुणे सिटी, मग केरळ, आणि नंतर रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत प्रशिक्षक म्हणून तो मुलांना शिकवू लागला. म्हणजे ज्या देशासाठी पासपोर्ट सोडला त्या देशात तो राहिला. त्याच्या वाटेने जाणारा दुसरा माणूस यायला २०२५ उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, मुंबईच्या अँग्लो-इंडियन आईचा मुलगा रायन विल्यम्स. इतक्या वर्षांत दोनच. त्यावरून किंमत किती मोठी आहे ते समजावं.

उलट दिशेचा प्रवासही पुण्यातूनच जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, लहान वयात घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत आला, नंतर पुणे एफसीच्या अकादमीत. कोल्हापूरच्या पोराला पेठांच्या सामन्यांची, शाहू स्टेडियमच्या गर्दीची सवय. संपूर्ण गल्ली आपली. तिथून वसतिगृहाच्या खोलीत येणं हेच मुळात पहिलं परदेशगमन. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि मग काही महिन्यांच्या सरावासाठी इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. हा क्लब २०१० पासून पुण्याच्याच व्हेंकीजच्या मालकीचा. मालक पुण्याचे असले तरी लँकेशायरचा हिवाळा लँकेशायरचाच. अशा दौऱ्यावर कोवळ्या पोराबरोबर आईवडील जात नाहीत. त्यांच्या हाती फोन असतो आणि "जेवलास का?" हा प्रश्न.

रोसारिओचा मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला तेव्हा अख्खं कुटुंब सोबत गेलं होतं. तरीही काही महिन्यांत आई बाकीच्या मुलांना घेऊन अर्जेंटिनाला परतली आणि बाप-लेक तिकडे राहिले. जगातल्या सर्वांत यशस्वी कारकिर्दीच्या मुळाशी एक दुभंगलेलं घर आहे. आपण चषक मोजतो, ती वर्षं कुणी मोजत नाही. कोलकात्याचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडून अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि घरची ओढ अनावर होऊन तो परत आला. लोक हळहळतात, राहिला असता तर काय झाला असता म्हणून. मला ती हळहळ पटत नाही. स्पेनच्या हेसूस नवासला तरुणपणी सेव्हियाबाहेर राहायचं म्हटलं की जीव घाबरा व्हायचा, सराव शिबिरांतून तो घरी परतायचा. तरी २०१० चा विश्वचषक त्याने जिंकला, सत्तावीस वर्षांचा झाल्यावर मँचेस्टरला गेला, चार वर्षं खेळला आणि पुन्हा सेव्हियाला आला. त्याला त्याच्या गतीने जाऊ दिलं, म्हणून हे जमलं. आणि दी मारिया? २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या तेव्हाच्या विक्रमी किमतीला मँचेस्टर युनायटेडने घेतलेला खेळाडू. कुटुंब घरात असताना चोर घुसले, बायकोला ते शहर नकोसं झालं, वर्षभरात तो पॅरिसला गेला. मँचेस्टरच्या प्रेक्षकांनी त्या बाईला नावं ठेवली. कोट्यवधी पौंड मोजणाऱ्यांना एक घर सुरक्षित ठेवता आलं नाही, आणि दोष बाईचा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती मला फार लागते. खेळाडू घर हलवून ज्या क्लबसाठी येतो तो क्लबच टिकत नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१५ मध्ये मिटला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगच्या एकाच मोसमात संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. त्याच हैदराबादच्या संघातून अनिकेतने २०२२ मध्ये लीगचं विजेतेपद जिंकलं, म्हणजे पुण्यात वाढलेल्या मुलाला पुण्याच्या जागी आलेल्या क्लबने चषक दिला. पुढे हैदराबादमध्ये पगार थकले, परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले, आणि २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला हलला. २०२५-२६ चा मोसम तर वेळेवर सुरूच झाला नाही. अशा लीगमध्ये बायकोने नोकरी सोडून, मुलाने शाळा सोडून यायचं कशाच्या भरवशावर? परदेशी खेळाडू पैशासाठी येतात आणि जीव ओतत नाहीत, असं स्टँडमध्ये बसून म्हणणं सोपं आहे. मीही ते ऐकत आले. ज्याच्या पोराला पुढच्या जूनमध्ये कोणत्या देशातल्या शाळेत जायचंय ते माहीत नाही, त्याने जीव कुठे ओतायचा?

पुण्याला परदेशी माणूस नवा नाही. चाकणच्या कारखान्यांत जर्मन, कोरियन, जपानी इंजिनीअर येतात, तेव्हा त्यांच्या करारात घराचं भाडं, मुलांच्या शाळेची फी, वर्षातून एकदा सगळ्यांना मायदेशी जायचं तिकीट लिहिलेलं असतं. त्यांच्या बायकांचे आपसात गट असतात, औंध-बाणेरमध्ये त्यांना लागणारा किराणा मिळतो. हे सगळं या शहराला येतं. फुटबॉलच्या क्लबांनी ते फक्त शिकून घ्यायचं आहे. पुण्यात पुन्हा मोठा क्लब उभा राहील तेव्हा त्याच्या मालकांना माझं सांगणं एवढंच: खेळाडूशी बोलणी करताना पहिल्या बैठकीतच विचारा, सोबत कोण येणार आहे. मोसम संपल्यावरही तीन महिने घर त्यांच्या ताब्यात राहील, क्लब बुडाला तरी मुलाचं शाळेचं वर्ष पुरं होईल, घरच्यांचा व्हिसा आणि पोलीस आयुक्तालयातली नोंदणी क्लबचा माणूस करून देईल, हे करारात लिहा. आणि आपल्या गावचं सोळा-सतरा वर्षांचं पोर बाहेरच्या देशात सरावाला पाठवाल, तेव्हा त्याच्या आईच्या नाही तर बापाच्या तिकिटाचे पैसेही त्यातच धरा.