मुखावरील पहारा

आम्ही बोर्डिंगात राहत असता आमच्या तोंडचे वाक्य शपथेशिवाय पुरे होत नसे. ‘गळ्याशपथ’ म्हणताना गळ्याची कातडी चिमटीत धरावयाची, ‘आईशपथ’ म्हणताना त्याचीही गरज नाही, आणि प्रकरण फारच निकराचे असेल तर ‘देवाशपथ’. घंटा झाली की नाही, आमटीत मीठ आहे की नाही, एवढ्यासाठीही आम्ही देवाला साक्षीस बोलावीत होतो. शिव्या देत नाही, याचा मात्र आम्हांस मोठा अभिमान! तथापि ज्यांचा मूळ अर्थ आपल्या मातेस सांगण्याची छाती होणार नाही, असे काही झिजलेले शब्द आमच्याही जिभेवर होतेच. ते येथे लिहीत नाही.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शपथेची सर्वस्वी मनाई केली आहे व याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा आली आहे, हे रविवारच्या शाळेत आम्ही पाठ केले होते. परंतु ही मनाई कोर्टकचेरीत जाणाऱ्या वडील मंडळींसाठी असावी, अशी आमची सोयीस्कर समजूत होती. ऊठसूट शपथ वाहणारा, शपथेवाचूनचे आपले बोलणे तितकेसे खरे नसते, असे नकळत कबूल करीत असतो. हे आमच्या ध्यानी येण्यास एक पेन हरवावे लागले.

ते एका सधन सोबत्याचे होते. पंगतीत बसल्या बसल्या आम्ही सहज म्हणालो, की कालच ते अमक्याच्या हातात पाहिले. कोणी विचारले, “नक्की?” “देवाशपथ!” उचलली जीभ, लावली टाळ्याला. आम्ही पेन पाहिले होते खरे. ते कोणाचे, हे पाहिले नव्हते.

तो मुलगा खेड्यातून आलेला, अर्ध्या फीवर शिकणारा. सर्वांदेखत त्याची ट्रंक उघडण्यात आली. आत दोन सदरे, फडक्यात बांधलेली शेंगदाण्याची चटणी आणि वडिलांनी बाजारातून घेऊन दिलेले एक स्वस्त पेन निघाले. हरवलेले पेन दुसऱ्या दिवशी धन्याच्याच कोटाच्या अस्तरात सापडले. आम्हांस कोणी शब्दानेही बोलले नाही. ट्रंक उघडली त्याच सायंकाळी प्रार्थना चालविण्याची पाळी आमची होती, आणि आम्ही ती चालविली.

पुढे आम्ही आठवडाभर मौन धरून पाहिले. ते तीन दिवसही टिकले नाही, व टिकते तरी काही साधले नसते. १४१ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आपल्या मुखावर पहारा मागतो. आमच्या फाटकावरील पहारेकरी काही रात्रभर फाटक लावून झोपत नसे, येणाऱ्यास तो “कोण आहे?” असे विचारी. तेव्हापासून दुसऱ्याविषयीचा शब्द ओठांशी आला, की पाहिलेले की ऐकलेले, एवढे आम्ही त्यास विचारू लागलो. कित्येक शब्द तेथूनच परत गेले. सारेच गेले असे म्हणवत नाही.

त्या मुलाशी बोलण्यास आम्हांस दोन आठवडे लागले. हौदावर तो कपडे धूत होता. आमची चूक झाली, असे आम्ही त्यास सांगितले. त्याने मान वर न करता सवयीने विचारले, “शपथ?”

गळ्याकडे गेलेला हात आम्ही मागे घेतला. “नाही. नुसतेच सांगतो.”

तो बराच वेळ सदरा पिळीत राहिला. मग त्याने साबणाची वडी आमच्याकडे सरकविली.